भुरीचं पोट दर शुक्रवारी बिघडायचं (गिनीपिग आणि घरातलं खाणं)

आधी प्रॉब्लेम काय होता ते सांगते, म्हणजे ज्यांच्याकडे हेच चाललंय त्यांनी पुढे वाचावं, बाकीच्यांचा वेळ जायला नको. आमच्याकडे दोन गिनीपिग आहेत, दोघी माद्या, चिमी आणि भुरी. (भुरी म्हटलं की नाशिकच्या माणसाला द्राक्षावरचा रोगच आठवतो, पण रंगावरून लेकीने ठेवलं ते नाव, आता काय करणार.) तर भुरीचं असं व्हायचं की पाच-सहा दिवस एकदम मस्त, आणि मग अचानक एका सकाळी लेंड्या मऊ, पिंजऱ्याच्या पाटाला चिकटलेल्या, ही बाई कोपऱ्यात अंग फुगवून बसलेली, गवत पुढे केलं तर तोंड फिरवायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हळूहळू लाईनवर यायची. मग मी सुस्कारा सोडायचे आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. चिमीला मात्र काहीच नाही, किंवा झालं तरी अगदी किरकोळ.

एकाच पिंजऱ्यात, एकच गवत, एकच पाणी, आणि आजारी पडणार एकटी भुरी. हा मुद्दा तेव्हाच डोक्यात यायला हवा होता, पण नाही आला.

मी काय काय बदललं ते ऐका. पावसाळा होता म्हणून आधी गवतावर संशय, बुरशी आली असेल म्हणून अख्खी पिशवी टाकून दिली, नवीन टिमोथी (यांच्यासाठी वाळवून विकतात ते गवत) मागवलं जे काही स्वस्त नसतं. मग पेलेट, म्हणजे यांच्या तयार खाण्याच्या गोळ्या, बदलले. मग पाण्याची बाटली बदलली. मग पंख्याचा वारा लागतो म्हणून पिंजरा हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेला, म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराजवळ! आता विचार केला की हसू येतं, कारण त्यानंतर त्रास वाढला. एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांच्याकडे सगळे कुत्री-मांजरंच येतात, ते म्हणाले इन्फेक्शन असेल, थोडं बरं वाटलं, पुन्हा शुक्रवार उजाडला. तेव्हा तो शुक्रवार आहे हेही माझ्या लक्षात नव्हतं.

मग ओळखीतून एक मॅडम मिळाल्या ज्या ससे, पक्षी, असे प्राणी बघतात. त्यांनी दात बघितले, पोट चाचपलं, वजन केलं आणि विचारलं, "हिला खायला कोण घालतं?" मी म्हटलं मीच. "आणि घरात अजून कोण कोण आहे?" मी म्हटलं सासूबाई, नवरा, सात वर्षांची मुलगी, कामाला येणाऱ्या मावशी. मॅडम फक्त म्हणाल्या, "एक वही करा. रोज सकाळी वजन आणि लेंड्या कशा आहेत ते लिहा, आणि वार लिहा."

वार लिहा हे त्यांनी का सांगितलं ते तीन आठवड्यांनी कळलं. किचनच्या वजनकाट्यावर प्लास्टिकचा मोठा डबा ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, आत भुरीला बसवायची, कोथिंबिरीची काडी द्यायची म्हणजे हलत नाही. ९२०, ९१५, ९२५ असं चालायचं आणि शुक्रवार-शनिवारी एकदम ८८०, ८७०. तीनही वेळा. चाळीस-पन्नास ग्रॅम इकडेतिकडे सगळ्यांचंच होतं, त्याने घाबरायचं नाही, पण दर वेळी त्याच वारी होतं म्हणजे त्या वाराच्या आदल्या दिवशी घरात काहीतरी घडतंय.

आमच्याकडे गुरुवारी काय असतं? सासूबाईंचा उपवास.

पुढच्या गुरुवारी मी घरूनच काम करते असं सांगून डायनिंग टेबलवर लॅपटॉप घेऊन बसले, पिंजरा दिसेल अशी. साडेबाराला कुकरचं झाकण उघडल्याचा आवाज, आणि लगेच भुरीचं वीऽऽक वीऽऽक सुरू, पुढचे दोन पाय जाळीवर, मान वर. चिमी तिच्या लाकडी घरात आतच, ती हाताला बुजते. सासूबाई उकडलेले बटाटे सोलत बाहेर आल्या, सालासकट एक मोठी फोड काढली, त्यावर दाण्याचं कूट लागलेलं बोट पुसलं, आणि जाळीतून आत. भुरीने अशी ओढली हातातून की विचारू नका. मग खिचडीतला साबुदाणा चिमूटभर. मग अजून एक फोड.

मी म्हटलं "आई, अहो हे काय देताय तिला?" तर त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं उपवासाचं आहे, हलकं असतं. तेल तिखट काही नाही त्यात. बघ ना कशी ओरडत होती, पोटात कावळे ओरडत असतील बिचारीच्या. तू नुसतं वाळलेलं गवत घालतेस."

आता यात त्यांची चूक आहे असं मला वाटतच नाही. आपल्या डोक्यात उपवासाचं म्हणजे हलकं, मऊ म्हणजे पचायला सोपं, आणि ओरडतंय म्हणजे भुकेलंय. माणसाच्या बाळाला हे तिन्ही लागू पडतं. गिनीपिगला तिन्ही उलटं पडतं.

का ते थोडक्यात सांगते कारण हे कळलं की यादी पाठ करावी लागत नाही. गिनीपिगच्या पोटात डाव्या बाजूला आंतड्याची एक मोठी पिशवी असते, अंधांत्र म्हणतात तिला, त्यात गवताचा चोथा जिवाणूंकडून आंबवला जातो. आपल्या इडलीच्या पिठासारखं समजा, एकदा विरजण नीट लागलं की रोज तेच चालतं. त्या जिवाणूंना तंतू लागतात. तिथे एकदम स्टार्च किंवा साखर जाऊन पडली की चांगले जिवाणू मागे पडतात, नको ते वाढतात, गॅस होतो, आणि या प्राण्याला ना ढेकर देऊन सुटका करून घेता येते ना उलटी करता येते. गिनीपिगला उलटी होतच नाही. जे आत गेलं ते पुढेच जाणार. आणि आंतडं पुढे ढकलायचं काम तंतूच करतात, तंतू नसले की गाडी थांबते. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. बटाटा म्हणजे स्टार्च, आणि कच्चा, हिरवट किंवा कोंब आलेला असेल तर त्यात विषही असतं. दाण्याचं कूट म्हणजे तेल. एका फोडीने कोणी मरत नाही हे खरं, पण ९०० ग्रॅमच्या जिवाला तीन फोडी म्हणजे आपण एका बैठकीत अख्खा कुकर संपवण्यासारखं आहे.

आणि ते ओरडणं. गिनीपिग फ्रिजचं दार, पिशवीची सळसळ, सुरीचा आवाज ओळखतात आणि आवाज आला की मागतात, पोट गच्च भरलेलं असलं तरी मागतात. मागितल्यावर मिळालं की पुढच्या वेळी अजून जोरात मागतात. भुरीला आम्हीच शिकवलं होतं ते. चिमी भित्री म्हणून वाचली!

बरं गुरुवार बंद झाला की प्रश्न सुटला असं मला वाटलं. दोन आठवडे बरे गेले आणि तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी पोट बिघडलं. म्हटलं आता मंगळवारी कोणाचा उपवास. मग एकेकाला विचारत बसले आणि जे बाहेर आलं ते ऐकून मी डोक्याला हात लावला.

नवरा रोज सकाळी डब्यातली पोळी गुंडाळताना कडेचा तुकडा देत होता. रोज! "अगं एवढासा," म्हणे. लेक दुधात बुडवायच्या बिस्किटाचा चुरा देत होती, आणि एकदा चॉकलेटचं बिस्किटही दिलंय, ते तिने खूप रडून कबूल केलं. भांड्यांच्या मावशी भाजी निवडल्यावर जो कचरा उरतो तो सगळा घालायच्या, कोबीची वरची पानं, फ्लॉवरचे जाड देठ, कांद्याच्या पातीची टोकं, बटाट्याची सालं. "ताई, आमच्या गावाला शेळीला घालतो की हे सगळं." त्या मंगळवारचा दोषी फ्लॉवर होता. अख्ख्या गड्ड्याचे देठ. कोबी-फ्लॉवर विषारी नाहीत, एखादं छोटं पान चालतं, पण पोटभर दिलं की गॅस ठरलेला.

थोडक्यात पाच माणसांच्या घरात भुरीला पाच जण जेवायला घालत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं मी एवढंसंच देतोय.

जिथून आणलं त्या दुकानदाराने सुद्धा सांगितलं होतं की काहीही खातात हो, पोळी द्या, भात द्या, बिस्किट द्या, उंदरासारखंच आहे. उंदरासारखं अजिबात नाही. उंदीर सगळं खातो, गिनीपिग निव्वळ शाकाहारी चरणारा प्राणी आहे, उंदरापेक्षा गायीच्या जवळचा समजा खाण्याच्या बाबतीत. मूळचा अँडीज डोंगरांकडचा, पेरू देशाच्या बाजूचा, तिकडे हजारो वर्षांपासून माणसाने पाळलाय, तोही खाण्यासाठी, पण तो वेगळा विषय.

पोळीवरून घरात सगळ्यात जास्त वाद झाला. पोळीत काय वाईट आहे, गहूच तर आहे, पूर्णान्न. तर नवऱ्याला मी हा किस्सा सांगितला आणि तो एकदम गप्प झाला. नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक म्हणून दोघे बेरीबेरी या रोगावर काम करत होते, त्यांनी गिनीपिगना नुसतं धान्य आणि पावावर ठेवलं. अपेक्षा होती बेरीबेरी होईल, झाला स्कर्व्ही. हिरड्या, सांधे, हाडं सगळं बिघडलं. ताजा पाला दिला की बरे. १९०७ साली त्यांनी हे छापलं आणि पुढे व्हिटॅमिन सी शोधायला त्याच गिनीपिगचा उपयोग झाला. कारण काय तर आपल्यासारखंच गिनीपिगच्या शरीरात व्हिटॅमिन सी तयार होत नाही, रोज बाहेरून द्यावं लागतं. कुत्र्या-मांजरांचं, उंदरांचं तसं नाही, त्यांचं शरीर स्वतः बनवतं. म्हणजे पोळीने दोन नुकसान होतात, पोट बिघडतं ते एक, आणि पोळीने पोट भरलं की गवत आणि हिरवी भाजी मागे पडते ते दुसरं. गवत कमी झालं की दातही वाढतात, कारण यांचे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. पोळी चावायला लागतच नाही.

कांद्याबद्दल वेगळं लिहिते कारण आम्ही राहतो तिथे कांदा म्हणजे घरचा माणूस आहे. लासलगाव तास-दीड तासावर, उन्हाळी कांद्याची गोणी घरात असते, पात तर रोजच्या भाजीत. कांदा, कांद्याची पात, लसूण, लसणाची पात, यातलं काहीही नको, कच्चं नको, शिजवलेलं नको, चिमूटभर नको. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्याने. म्हणून फोडणी पडलेलं कुठलंच आपलं खाणं गिनीपिगला चालत नाही, कारण आपल्या वरण-भाजीत कांदा-लसूण, मीठ, तेल नाही असं होतच नाही. मावशींना मी एवढंच सांगितलं की मावशी, जे चुलीवर चढलं ते भुरीचं नाही. हे त्यांच्या पक्कं लक्षात राहिलं.

गंमत म्हणजे लसूण घास हा शब्द. आमच्याकडे गुरांचा जो घास मिळतो, जुड्या बांधून विकतात, त्याला लसूण घास म्हणतात, त्याचा लसणाशी काही संबंध नाही, ते ल्यूसर्न म्हणजेच अल्फाल्फा. ते विषारी नाही, पण त्यात कॅल्शियम भरपूर, मोठ्या गिनीपिगला रोज दिलं तर मूतखडा होण्याची भीती. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, बाकीच्यांना कधीतरी दोन काड्या. आणि त्याच विक्रेत्यांकडे कडवळ म्हणजे चाऱ्याची ज्वारी मिळते ती तर आणूच नका, कोवळी ज्वारी गुरांना बाधते हे कुठलाही शेतकरी सांगेल.

आता उपाय. पहिला उपाय मी केला तो फसला. फ्रिजवर कागद लावला, काय देऊ नये त्याची यादी. चॉकलेट, चहा, कॉफी, दूध, दही, पनीर, पोळी, भात, पाव, बिस्किट, फरसाण, शेंगदाणे, काजू, राजमा, कडधान्य, कांदा, लसूण, बटाटा, अवोकाडो, मशरूम, लोणचं, पापड, गूळ, साखर. टोमॅटो चालतो पण त्याचं पान-देठ नाही. पालक क्वचितच. चार दिवस सगळ्यांनी वाचली. पाचव्या दिवशी सासूबाईंनी भगर दिली, कारण भगर यादीत नव्हती. आपल्या घरात पदार्थ किती, यादी पुरणार कशी? शिवाय नको नको म्हणत बसलं की देणाऱ्याचा हात तर शिवशिवतोच, त्याला ना काही पर्याय मिळाला ना समाधान.

मग मी यादी फाडली आणि डबा ठेवला. हाच खरा उपाय. हिरव्या झाकणाचा छोटा डबा, फ्रिजमध्ये पुढेच, दार उघडलं की दिसेल असा. सकाळी मी त्यात दोघींचं दिवसभराचं चिरून ठेवते. नियम एकच, कोणीही कधीही द्या, पण त्या डब्यातलंच द्या, आणि डबा संपला की आजचं संपलं. सासूबाईंना जेवताना एकटं जेवायचं नसतं, त्यांना त्या जिवाला काहीतरी घालायचं असतं, ते त्यांना मिळालं. आता त्या ताटाजवळ डबा घेऊन बसतात. स्वतः एक घास, भुरीला कोथिंबिरीची एक काडी.

डब्यात काय असतं: ढोबळी मिरची रोज, हा मुख्य. एका मोठ्या गिनीपिगला वजनाच्या किलोमागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी लागतं, हिरव्या ढोबळीच्या १०० ग्रॅममध्ये ८० च्या आसपास असतं, म्हणजे २०-२५ ग्रॅमची एक जाड चकती एकीला पुरते. लाल मिळाली तर अजून जास्त. बिया काढून टाकते. तिखट मिरची अर्थातच नाही, हे लिहायला लागू नये पण लिहिते. मग कोथिंबीर सात-आठ काड्या, काकडीच्या दोन चकत्या (जास्त नाही, नुसतं पाणी असतं, लेंड्या मऊ होतात), कधी पुदिना, कधी लेट्यूसचं गडद हिरवं पान, ते पांढरट आइसबर्ग नाही. गाजर आठवड्यातून दोनदा, बोटाच्या पेराएवढं, गोड असतं ते. फळ म्हणाल तर आठवड्यातून एक-दोनदा, अगदी चौकोनी फोड एवढीशी. पेरू त्यांना भयंकर आवडतो, सी पण भरपूर, आता पेरूहून आलेल्या प्राण्याला पेरू आवडणारच. पण साखर आहे म्हणून थोडाच, आणि बिया काढून. सगळं मिळून एकीला रोज एक वाटी, त्याच्या वर नाही.

पावसाळ्यात मक्याची कणसं आणतो तेव्हा त्याची आतली कोवळी हिरवी सालं आणि केस डब्यात जातात, दोघी त्याच्यासाठी भांडतात. दाणे मात्र आमचे.

आणि डबा हे तोंडी लावणं आहे बरं का, जेवण म्हणजे गवत. दिवसभर, रात्रभर, कितीही. पेलेट दिवसाला एकीला पोह्याच्या चमच्याने दोन चमचे, रंगीबेरंगी दाणे-बिया मिसळलेलं जे पाकीट मिळतं ते नको, त्यातलं गोड तेवढं निवडून खातात आणि बाकी टाकतात, आपल्या चिवड्यातले काजू निवडणाऱ्या पाहुण्यासारखं. पेलेटवर व्हिटॅमिन सी लिहिलेलं असतं पण पाकीट जुनं झालं की ते उडून जातं, तीन महिन्यांवर विश्वास ठेवू नका. पाण्यात थेंब टाकायचे असतात तेही तसंच, उजेडात लवकर बिघडतं, आणि चव बदलली म्हणून पाणीच पीत नाहीत. ढोबळी बेस्ट.

पाहुणे आणि सण हा वेगळाच ताप आहे. दिवाळीत एक मामा आले, शंकरपाळी जाळीतून आत टाकली आणि मला हाक मारून दाखवतायत बघ कशी खातेय. त्यानंतर सणावाराला पिंजरा आतल्या खोलीत जातो, बस्स. लहान मुलं आली की मी स्वतःच डबा त्यांच्या हातात देते, काड्या मोजून, म्हणजे खिशातलं बिस्किट खिशातच राहतं.

पण गणपतीत उलट झालं. सासूबाई दबकत विचारायला आल्या, प्रसाद द्यायचा नाही हे माहितीये मला, पण आज तरी काहीतरी... आणि माझ्या समोर दुर्वांची जुडी पडलेली. दुर्वा म्हणजे हरळी, म्हणजे गवतच! यांचं खरं अन्न. मोदक बाप्पाला आणि दुर्वा भुरीला. फक्त वाहिलेल्या नाही दिल्या, त्यांना हळद-कुंकू, अत्तर लागलेलं असतं, उरलेल्या जुडीतल्या निवडून, स्वच्छ धुऊन, सुकवून. बाजारच्या जुडीत दुसरं काहीही गवत-तण मिसळलेलं असतं ते काढायचं. सोसायटीच्या बागेतलं तोडत असाल तर फवारणी कधी झाली ते माळ्याला विचारा, आणि मशीनने कापलेल्या गवताचा ढीग आणू नका, ते लगेच तापतं, आंबतं. कुंडीत आम्ही आता हरळीच लावलीये, बाजूचा मनीप्लांट मात्र वर टांगला, तोही यांच्यासाठी विषारी.

एवढं करूनही कोणी काही दिलंच तर काय करायचं. पोळीचा, भाताचा, बिस्किटाचा तुकडा असेल तर उरलेला काढून घ्या, त्या दिवशी फळ-गाजर बंद, गवत ताजं भरपूर, पाणी, आणि २४ तास लेंड्यांवर लक्ष. नॉर्मल लेंडी लांबट, गडद, हातात घेतली तर कोरडी असते, दिवसाला शंभराच्या वर असतात. मऊ झाल्या, बारीक झाल्या, एका टोकाला शेपटी आली, किंवा संख्या कमी झाली म्हणजे आत काहीतरी गडबड आहे. चॉकलेट, कांदा-लसूण, अवोकाडो, कोंब आलेला बटाटा असलं काही गेलं असेल तर वाट न बघता डॉक्टरांना फोन, काय आणि किती दिलं ते सांगा, मुलांना रागावू नका नाहीतर ती खरं सांगणार नाहीत. मीठपाणी पाजून उलटी काढायचा सल्ला कोणी देईल, वर लिहिलंय तसं उलटी होतच नाही, उगाच फुफ्फुसात पाणी जाईल.

पोट टणक, ढोलकीसारखं लागतंय, दात खातेय, अंग फुगवून बसलीय, किंवा अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही, मग उद्या सकाळी बघू असं करायचं नाही. बारा तास उपाशी म्हणजे यांच्यात इमर्जन्सी आहे. आपण लंघन करतो पोट बिघडलं की, तसं यांना चालत नाही, उपाशी राहिले की आंतडं अजून थंडावतं, लिव्हरवर परिणाम होतो, आणि मग हातातून जातात.

एक गोष्ट अन्न नाही पण लिहायलाच हवी, कारण आमच्याकडे होता होता राहिली. एका रात्री भुरी मलूल होती तर नवरा लेकीच्या खोकल्याचं उरलेलं अँटिबायोटिक सिरप घेऊन आला, दोन थेंब देऊया म्हणे. अमॉक्सिसिलिन होतं. अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, पेनिसिलिनच्या घरातली सगळी, क्लिंडामायसिन, ही तोंडाने दिली तर गिनीपिगच्या पोटातले चांगले जिवाणू मारतात आणि जे उरतात ते विष तयार करतात, प्राणी दगावतो. माणसाचं औषध, कुत्र्याचं औषध, कोणाच्या सशाला दिलेलं औषध, काहीही घरच्या घरी नाही. डॉक्टरांकडे गेल्यावरही तुम्हीच विचारा की हे गिनीपिगला चालतं ना, नीट डॉक्टर असतील तर रागावत नाहीत.

सध्या आमच्या वहीत सलग चौदा शुक्रवार साधे गेलेत. भुरी ९४०, चिमी ८६०. मधे एकदा ९०५ लागलं तेव्हा मी सगळ्यांकडे संशयाने बघितलं, तर काटाच डगमगत होता, खाली लेकीची रबरबँड अडकलेली.

आणि परवा शेजारच्या काकू खारी घेऊन पिंजऱ्याजवळ वाकल्या तर सासूबाई आतून ओरडल्या, "अहो ते नका देऊ, थांबा, डबा देते." मी काहीच बोलले नाही, गपचूप चहा टाकला. आता आंबे येतील, कालच विचारत होत्या कोय चाटायला दिली तर चालेल का. मी म्हटलं कोय नाही, साल नाही, गराची एक फोड, नखाएवढी, आठवड्यातून एकदा. त्या म्हणाल्या माझ्या नखाएवढी की तुझ्या?